टाकीची मागची बाजू

टाकीला पाणी मारायला लागून त्या सकाळी अकरा दिवस झाले होते. हापशावरच्या बायांनी अकरा दिवस दाबून ठेवलेला राग त्या सकाळी बाहेर आला.

“आली बघा भिंतीची आई,” चुलत घरातल्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. “लेकराला पाजायला दोन-दोन घागरी घेऊन.”

रांगेतल्या बाया हसल्या. हसता हसता एकीने आपली घागर पायाने पुढे सरकवून घेतली. रांगेच्या शेवटी गवंडीणीने घागरी टेकवल्या आणि चुंबळ सारखी करत उभी राहिली. हापशाचे नंबर थोरल्या जाऊबाई सांभाळत. कुणी नेमलं नव्हतं, पण त्यांचं घर हापशाला लागून होतं आणि आवाज सगळ्यांत मोठा होता, एवढं पुरे होतं. उन्हाळ्यात घराला आठ घागरी. हापसा मारून मारून खांदे भरून येत, तेव्हा कुठे नळीतून करंगळीएवढी धार पडे.

“आठातल्या पाच घागरी सिमेंटच्या घशात,” जाऊबाई पुन्हा म्हणाल्या. “आणि वर आमच्याकडे उसन्या मागायला येणार. भिंत काय ढेकर देते का गं, प्यायल्यावर?”

“अजून दहा दिवस, वहिनी. एकवीस दिवस भिजत ठेवायची असते.”

“बाळंतिणीची पण इतकी उठाठेव करत नाही कुणी.”

पुन्हा हसू. गवंडीणही थोडं हसली. हसली नसती तर नंबर आणखी मागे गेला असता.

तिला गवंडीण म्हणायला लागून फार दिवस झाले नव्हते. पाण्याचं काम करणारी एक संस्था वस्तीवर आली, पत्र्यावरचं पावसाचं पाणी धरून ठेवायच्या टाक्या बांधायला बाया शिकवू म्हणाली. तेव्हा नाव द्यायला एकटी हीच पुढे झाली. महिनाभर तालुक्याला राहून आली. सळई वाकवायला शिकली, कोंबडजाळीचे तीन थर तारेने घट्ट शिवायला शिकली, थापीने गिलावा असा दाबायला शिकली की जाळीच्या पोटात हवा राहू नये. परत आली तेव्हा तळव्यांना सिमेंटने भेगा पडल्या होत्या आणि मागे नाव लागलं होतं. पहिली टाकी तिच्याच दारात बांधायची, ती पाणी धरते का बघायचं, आणि मग वस्तीतल्या बाकीच्या अकरा घरांना सामान द्यायचं, असं संस्थेचं ठरलेलं. संस्थेच्या इंजिनिअरच्या कमरेला कायम मोजायचा टेप लटकलेला असे, म्हणून वस्तीने त्याचं नाव ‘टेपवाले साहेब’ ठेवलं होतं.

तिने नाव दिलं ते लेकीच्या दातांमुळे. पोरीचे दुधाचे दात पडले आणि पुढचे दोन नवे दात आले ते तपकिरी रेघ घेऊनच. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पोरीचा ओठ वर करून पाहिलं होतं आणि मग दाराशी दोन्ही मांड्यांना धरून उभ्या असलेल्या तिच्या सासूकडे पाहिलं होतं. “हापशाच्या पाण्यात दोष आहे,” त्या म्हणाल्या. “दिसत नाही, चवीला कळत नाही, उकळून जात नाही. आधी दात खातं, मग हाडं. आजींचे गुडघे तसेच आखडलेत. ते आता वळायचे नाहीत. पण हिचे बाकीचे दात अजून हिरडीत आहेत आणि हाडं वाढताहेत. पाणी आत्ता बदललंत तर पोरगी वाचेल. चार-पाच वर्षांनी बदलून काही उपयोग नाही.”

हे ऐकल्यापासून घागर हापशाखाली धरली की तिला धारेत पाणी दिसेना. पोरीचे दात दिसत.

नंबर लागला तेव्हा ऊन कौलांवर आलं होतं. खेपा करून तिने दारातलं पत्र्याचं पिंप गळ्यापर्यंत भरलं. ओट्यावर पाय पसरून सासूबाई बसल्या होत्या, हातात तांब्या.

“आई, गोणपाट सुकू द्यायचं नाही हं. थोडं थोडं, पण सारखं.”

“माहीत आहे गं. एक नाव, एक तांब्या. जा तू, मुकादम खेकसेल.”

म्हातारीचं हे रोजचंच होतं. तोंडाने देवाचं एक नाव घ्यायचं आणि टाकीभोवती गुंडाळलेल्या गोणपाटावर एक तांब्या ओतायचा. दिवसभरात पिंप रिकामं. देव पण खूश, सिमेंट पण खूश, असं ती हसत म्हणे. देवाने हिच्या पायांतलं बळ काढून घेतलं खरं, पण कंठातला गोडवा तेवढा मागे ठेवला होता. सून डोक्याला फडकं बांधून निघाली की पाठीमागून तिला ते एका सुरातलं नाव आणि ओतलेल्या पाण्याचा चुळुक आवाज ऐकू येई. त्या आवाजावर ती दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी टाके.

नवरा ट्रकवर होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. कामावर न जाऊन भागणार नव्हतं. संध्याकाळी घरी येई तेव्हा पाठ लाकडासारखी झालेली असे. दारात शिरताना ती टाकीच्या पुढच्या अंगाला गोणपाटावर तळवा दाबे. गार, ओलं, बोटांमधून पाणी ठिबके. पिंपात डोकवे. तळ दिसे. मनाला बरं वाटे आणि ती चुलीकडे वळे. बाविसाव्या दिवसापर्यंत हा नेम चुकला नाही.

बाविसाव्या दिवशी टेपवाले साहेब आले. पुढूनच दोरी सोडून गोणपाटं ओढून काढली. साहेबांनी टिचकी मारून टाकी वाजवून पाहिली, वाकून तळ पाहिला, टेप लावला. टाकी पुढून घडीव माठासारखी दिसत होती.

“छान झालीय ताई. परवा टँकर आणतो, भरून बघू.”

“गळली तर?”

“पाणी नीट मारलंय ना? मग गळत नाही.”

“एकवीस दिवस, साहेब. एक दिवस चुकला नाही.”

परवा टँकर आला. वस्ती सगळी गोळा झाली. कुणी ओट्यावर, कुणी बाभळीखाली. जाळीची दोन बोटं जाडीची भिंत दहा हजार लिटर कशी पेलते ते बघायला पुरुष पण कामं सोडून आले होते. पाइप आत सोडला आणि टाकीच्या पोटात घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. गवंडीण तळाशी उकिडवी बसून पुढच्या बाजूने सगळा सांधा बोटाने चाचपत होती. कोरडा. पाणी गुडघाभर झालं. कोरडा. कमरेइतकं झालं. तिने मान वर करून सासूकडे पाहिलं. म्हातारीने मात्र मान खाली घातली होती. ती देवाचं नाव घेत असेल असं तिला वाटलं.

आणि मागून, कुंपणापलीकडून, थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला.

“अगं ए! माझ्या अंगणात चिखल कुठून आला?”

टाकीचं मागचं अंग जाऊबाईंच्या कुंपणाकडे होतं. टाकी आणि काट्यांचं कुंपण यांत शिरायला दीड हाताचीच बोळ मोकळी. पाया खणला तेव्हाचे दगड, माती, फुटके तुकडे सगळे तिथेच ढकललेले. गवंडीण अंग चोरून आत शिरली. कमरेखाली, गुडघ्याच्या वर, एक आडवी रेघ होती. केसाएवढी. हातभर लांब. तिच्यातून पाणी पाझरून भिंतीवर पसरत होतं आणि दगडांमधून वाट काढत कुंपणाखाली जात होतं. रेघेच्या भोवती आणखी बारीक रेघा, वाळलेल्या तळ्याला पडतात तशा.

साहेब मागून आले. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, ओलं बोट अंगठ्यावर चोळलं.

“पाणी मारलं नाही इथं,” ते म्हणाले.

“मारलंय, साहेब.”

“ताई, सिमेंट खोटं बोलत नाही.”

हे शब्द तिला थोबाडीत मारल्यासारखे लागले. बाहेर आली तेव्हा सगळी वस्ती तिच्याकडे बघत होती. दुरुस्ती आतून पण करायची, तर टाकी रिकामी करावी लागेल, असं साहेब म्हणाले. हे ऐकायचाच अवकाश. घागरी, बादल्या, पातेली, एकाने तर लेकराला अंघोळ घालायची परात आणली. “प्यायचं नाही, पहिल्या पाण्यात सिमेंट उतरतं, धुण्याभांड्याला न्या!” असं साहेब ओरडत राहिले. शिडीला एक, तोंडाशी दोघे, खाली सगळे. तिने महिनाभर शिवलेल्या टाकीत लोकांचे हात कोपरापर्यंत बुडत होते. एका माणसाने जाता जाता म्हटलं, “गवंडीणबाई, रोज फोडा टाकी, आमची धुणी तरी होतील.” अर्ध्या तासात पाणी गुडघ्याच्या खाली गेलं. तेवढं तिने हात जोडून थांबवलं. ते पिंपात, घागरीत, घरातल्या झाडून सगळ्या भांड्यांत भरून घेतलं. पुन्हा पाणी मारायला लागणार होतं.

“बाकीच्या घरांचं सामान?” कुणीतरी साहेबांना विचारलं.

“ही उभी राहू दे आधी,” साहेब म्हणाले. आणि तिला बाजूला घेऊन, “सामान पुन्हा मिळणार नाही, ताई. अर्धं पोतं उरलंय ना? रेघ छिन्नीने उघडा, वर रुंद आणि आत निमुळती खाच करा. जाळीची पट्टी लावून आतून-बाहेरून भरा. चौदा दिवस भिजवा. टँकर काही मी आता मागू शकत नाही. पाऊसच काय ते ठरवेल.”

सगळे गेल्यावर ती बोळीत बसून राहिली. पहिल्यांदा तिने स्वतःलाच फाडून खाल्लं. वाळू चाळली नव्हती का? चाळली होती. सिमेंट कमी पडलं? मापाने घातलं होतं. गिलाव्याच्या दिवशी दुपारी वारा सुटला होता, तेव्हा हात घाईचा झाला का? बाईचा हात, बाईचा हात, असं दिवसभर कानांवर आलं होतं. तो हात तिने डोळ्यांसमोर धरून उलटा-सुलटा पाहिला.

मग तिची नजर बाजूला पडलेल्या गोणपाटांवर गेली. साहेबांनी काढून टाकली होती तशीच पडली होती. पुढच्या बाजूची गोणपाटं काळपट, कुजकी, हिरवं शेवाळ धरलेली. हात लावला की तुटत होती. मागचं गोणपाट कडक होतं. नवं असल्यासारखं. तिने ते उचललं, तर आतल्या बाजूला मातीचं एक घरटं चिकटलेलं होतं. कुंभारमाशीचं. माशीने चिमूट चिमूट ओली माती आणून बांधलेलं, बोटाच्या पेराएवढं, गुळगुळीत, तीन खोल्यांचं. त्यातल्या दोन खोल्यांना भोकं पडली होती. पिल्लं मोठी होऊन उडून पण गेली होती.

इथे पाण्याचा एक तांब्या पडला असता तर हे घरटं त्याच दिवशी विरघळलं असतं.

ती ते गोणपाट हातात घेऊनच उठली. सासूबाई ओट्यावर त्याच जागी होत्या, भिंतीला टेकून. पोर मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

“आई, हे काय?”

म्हातारीने पाहिलं आणि पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली.

“आई, मी विचारतेय. मागं पाणी मारलंच नाही का तुम्ही?”

“नाही.”

“एकदा पण नाही?”

“एकदा गेले होते. दुसऱ्या दिवशी.” म्हातारीने कोपर पुढे केलं. तिथे जुनी खपली होती. उंबऱ्यावर लागलं असं तिने तेव्हा सांगितलं होतं. “दगडांत गुडघा अडकला. वळेना. दुपारपर्यंत तिथेच बसले. मग तळव्यांवर सरकत बाहेर आले. पुन्हा नाही गेले.”

“मग सांगायचं नाही?”

“काय सांगायचं गं? पाणी आणता येत नाही, चूल पेटवता येत नाही. एक तांब्या ओतायचं काम माझ्या वाट्याला आलं. ते पण जमत नाही म्हणून सांगू?” तिचा आवाज खाली गेला. “वाटलं, पुढूनच जास्त ओतलं तर फिरून मागं जाईल. पाणीच ते. वाट काढेल.”

“सिमेंट आहे ते, आई! नदी नाही!” ती ओरडली. पोर दचकून उठली. “पिंपभर पाणी, रोज, माझ्या मानेवरून आणलेलं! मी तिकडे खडीत मरतेय, आणि तुम्ही इथे देवाचं नाव घेऊन घेऊन एकाच जागी ओतताय! तुमच्या एका तांब्यापायी माझी टाकी गेली! पोरीचे दात गेले!”

म्हातारीने कोपर पदराखाली ओढून घेतलं. पोर तिच्या आखडलेल्या गुडघ्यांवर हात ठेवून आईकडे परक्यासारखी बघत होती.

आणि मग सुनेला, नको होतं तरी, स्वतःचा तळवा आठवला. एकवीस संध्याकाळी तिने दारात शिरता शिरता हात लावला होता तो दर्शनी बाजूलाच. बोळ दीड हाताची होती. तिला आत शिरता आलं असतं. पाठ दुखत होती, म्हणून शिरली नव्हती. हे ती बोलली नाही. राग कुठेतरी घालायलाच हवा होता. तिने कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि उजेड होता तोवर बोळीतली माती खणत राहिली.

कुंपणापलीकडे जाऊबाई अंगण झाडत होत्या.

“काय गं, आता काय काढतेस?”

“वहिनी, मागचं गोणपाट कोरडं होतं. तुमच्या अंगणातून दिसत असेल.”

“दिसायचं ना. रोज दिसायचं.”

“मग बोलला नाहीत?”

“मला काय माहीत? मला वाटलं, मागून मारायचं नसतं.” आणि त्या झाडत पुढे गेल्या.

कुदळीचा घाव दगडावर बसला आणि ठिणगी उडाली. तिला वाटलं, रडावं. पण डोळ्यांत माती गेली होती, ती पुसता पुसता तेही राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने कामावर उशिरा येऊ द्या म्हणून मुकादमाच्या हातापाया पडून घेतलं. “या की,” मुकादम म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “टाकी तर गळकी झाली, आता रस्ता तरी गळू देऊ नका.” चार सकाळी तिने छिन्नीने रेघ उघडली. हातोडीचा एकेक ठोका हलका मारायचा, जोरात बसला तर रेघ लांबत जाते. तारेच्या ब्रशाने धूळ काढली. सिमेंटचा पातळ घोळ लावला, जाळीची पट्टी दाबली, अर्ध्या पोत्यातलं सिमेंट चमच्या-चमच्याने वापरल्यासारखं वापरलं. आत उतरून तळाशी बसून लिंपताना टाकीत तिचाच श्वास तिला मोठा होऊन ऐकू येत होता.

या चार दिवसांत सासू-सुनेत कामापुरतं बोलणं होतं. म्हातारीचं नाव घेणं बंद झालं होतं. ओट्यावर नुसती बसून असे. जेवायला वाढलं तर दोन घास खाऊन ताट सरकवी.

पाचव्या दिवशी पहाटे सून तिच्यापुढे पाठ करून बसली.

“धरा गळ्याला.”

“कुठे नेतेस?”

“तुमच्या कामावर.”

म्हातारीने हात गळ्यात टाकले. वजन काहीच नव्हतं, पण पाय मिटत नव्हते. ते दोन्ही बाजूंना काठ्यांसारखे पुढे आलेले. त्या काठ्या सांभाळत ती वाकून बोळीत शिरली. दगड-माती उपसल्यावर आता बोळ अडीच हात मोकळी झाली होती. दगड रचून पाय पसरून बसता येईल एवढं उंच बसकण केलेलं, वर जुन्या चादरीची सावली, शेजारी पिंप, पिंपावर तांब्या. नव्या गिलाव्यावर गोणपाट बांधलेलं. ती म्हातारीला अलगद उतरवून बसवून बाहेर निघाली, तेव्हा पाठीमागून नाव ऐकू आलं नाही. नुसता पाण्याचा आवाज आला.

“नाव नाही घेतलं?” ती वळून म्हणाली.

“नाही. त्याचं नाव घेऊन खोटेपणा केला मी. आता त्याला यात ओढायचं नाही. नुसतंच ओतते.”

सुनेने वरची चादर ओढून सावली सारखी केली. ती गेली.

टाकीतून काढलेलं पाणी पाच दिवस पुरलं. त्यानंतर हापशावर जाऊबाईंनी साफ सांगितलं, “प्यायला आठ घागरी. भिंतीला एक थेंब नाही. वस्तीने ठरवलंय.” वस्तीने म्हणजे कुणी, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मग ती जुन्या खाणीवर जायला लागली. जाऊन-येऊन तासाभराची वाट, तळाला गढूळ डबकं. तिथे पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं, पिंपात ओतायचं, सासूला पाठीवर घेऊन बसवायचं, कामावर जायचं. संध्याकाळी परत आधी बोळीत. आता ती पहिल्यांदा मागेच हात लावी. मग वाकायचं, गळ्यात हात घ्यायचे, बाहेर आणायचं. वस्तीला बघायला नवा खेळ मिळाला. “सासू मागे, सून पुढे, आणि मधे गळकी टाकी,” अशी चेष्टा ओट्या-ओट्यावरून फिरली. एक दिवस मधल्या वाटेवर तिचा पाय मुरगळला. त्या दिवशी पण तिने दोन घागरी आणल्या, लंगडत, अर्ध्या सांडत. दात-ओठ खात. कुणावर चिडायचं तेही आता समजत नव्हतं. पाण्यावर, सिमेंटवर, म्हातारीवर, की तिचे गुडघे खाऊन बसलेल्या त्या हापशावर?

चौदा दिवस झाले. आभाळ भरून यायला लागलं. पत्र्याच्या कडेने पन्हळ लावली होती, तिचा पाइप टाकीच्या तोंडात सोडायचा होता. पण पत्र्यावर वर्षभराची धूळ, पक्ष्यांची घाण. साहेबांनी बजावलं होतं, पहिल्या दोन सरी बाहेर सोडून द्या. दोन्ही वेळा तिने पाइप बाहेर वळवला, आणि ते पाणी पायऱ्यांवरून वाहत गेलं. जाऊबाई कुंपणावरून बघत होत्या.

“गटारात? अगं, उन्हाळाभर आमच्या घागरीकडे बघत होतीस, आणि आता आभाळातलं पण तुला चालेना?”

तिने पाइप तसाच बाहेर धरून ठेवला. तिला भीती वाटत होती ती वेगळीच. टाकीत पाणी जायला लागलं की मग लपायला जागा नव्हती.

तिसरी सर मोठी आली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. पत्रा वाजत होता, पन्हळ भरून वाहत होती, टाकीच्या पोटात तोच घुमणारा आवाज. तिने झाकण उचलून आत काठी सोडली. काठी ओली झाली ती खाचेच्या उंचीला तिच्यावर केलेल्या खुणेच्या दोन वीत वर. तिने काठी पुन्हा सोडली. तेवढीच.

मागे जायचं तिचं धाडस होईना.

“मला ने,” ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या.

“पाऊस आहे, आई.”

“म्हणूनच म्हणते, ने.”

तिने पोतं म्हातारीच्या डोक्यावर घातलं आणि तिला पाठीवर घेतलं. बोळीत घोट्याएवढा चिखल. वरून पागोळ्या पडत होत्या. दगडी बसकणावर बसून म्हातारीने आधी टाकीवर वरून येणारं पाणी हाताने आणि मग पदराने पुसलं. पदर पिळला, पुन्हा पुसलं. भिंतीवर दोन्ही हातांनी पोत्याचा आडोसा धरायला तिने सुनेला लावलं. मग जिथे रेघ होती तिथे तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. तळव्याचं समाधान झालं नाही म्हणून मान कलती करून गाल लावला.

“आई?”

“थांब जरा.”

पाऊस पोत्यावर वाजत होता. सुनेच्या दंडांना रग लागली.

“कोरडं आहे,” म्हातारी म्हणाली.

सुनेचा विश्वास बसेना. तिने पोतं एका हाताने धरून दुसरा तळवा लावला. गार होतं. आतल्या पाण्याचा गारवा भिंतीतून हाताला लागत होता. पण हात कोरडाच निघाला. तिने बोट खाचेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. कोरडं. ती तिथेच चिखलात बसली, म्हातारीच्या न मिटणाऱ्या पायांशी, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं डोकं त्या गुडघ्याला टेकलं.

कुंपणापलीकडे चाहूल लागली. जाऊबाई डोक्यावर सूप धरून उभ्या होत्या. किती वेळ ते कुणास ठाऊक.

“माझ्या अंगणात काही आलं नाही आज,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “साहेब येतील तेव्हा माझं नाव घाल. पण माझी टाकी चारी बाजूंनी मोकळी बांध. मला या वयात कुणी पाठीवर घेणार नाही.”

पाऊस थांबल्यावर सुनेने टाकीच्या तोटीखाली तांब्या धरला. साहेबांनी दिलेली पाणी शुद्ध करायची पूड घालून, ठेवून, दुसऱ्या दिवशी ते पाणी पहिल्यांदा पोरीला दिलं. पोरीने पिऊन तोंड वाकडं केलं, “याला चवच नाही.” मग तिने तांब्या भरून सासूपुढे धरला.

“मला नको,” सासूबाई म्हणाल्या. “माझं काय व्हायचं ते होऊन गेलं. हापशाचं चालेल मला. हे पोरीला पुरव.”

इतके दिवस दाबलेला राग सुनेच्या नाकपुड्यांत पुन्हा चढला. “आता हे नवीन काढू नका, आई! साहेबांनी दिवसाला घराचं माप धरलंय ते चार माणसांचं. मी, पोरगी, तिचे बाबा. चौथं कोण? भिंत? पुन्हा लपवाल, चोरून हापशाचं प्याल, आणि मला वर्षभराने कळेल. मी इथून हलत नाही. प्या.”

ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. पाणी काठावर हेलकावत होतं. म्हातारी तिच्या तळव्यांतल्या भेगांकडे बघत होती, सिमेंटने काळ्या झालेल्या, अजून न भरलेल्या.

मग तिने दोन्ही हातांनी तांब्या घेतला, डोळे मिटले, आणि तीन-चार आठवड्यांनी पहिल्यांदा, त्याच जुन्या सुरात, नाव घेतलं. एक नाव. आणि तांब्या तोंडाला लावला.